मोफत स्टॉकफिश : सेटिंग कुठे चुकतं

ठाण्यापासून नेरूळपर्यंत, बुद्धिबळाच्या क्लासला जाणाऱ्या मुलांचे पालक हमखास एक प्रश्न विचारतात : कुठलं सॉफ्टवेअर विकत घेऊ? विश्लेषणासाठी काहीच विकत घेऊ नका. स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे चाली शोधणारा आणि डाव तपासणारा प्रोग्राम, फुकट आहे आणि पैसे मोजून मिळणाऱ्या इंजिनांहून कमी तर मुळीच नाही.

ताकदीची शंका नको. १९९७ साली न्यूयॉर्कला आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाने विश्वविजेत्या कास्पारोव्हला साडेतीन-अडीचने हरवलं, तेव्हा ते यंत्र खास बनवलेल्या चिप्सवर सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत होतं. घरच्या लॅपटॉपवर स्टॉकफिश त्याच्या कितीतरी कमी स्थिती पाहतं, तरी खेळतं खूपच वरचं. निरुपयोगी फांद्या ते लवकर छाटतं, आणि सप्टेंबर २०२० च्या १२व्या आवृत्तीपासून स्थितीचं मोल ठरवायला छोटं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकवलेली गणिती रचना) वापरतं.

पहिला गोंधळ डाउनलोडनंतर होतो. फाइलवर डबल-क्लिक केलं की नुसती काळी खिडकी उघडते, आणि ‘बिघडलंय’ म्हणून लोक ती काढून टाकतात. स्टॉकफिशला स्वतःचा पट नाही. अरेना किंवा क्यूट चेस असा मोफत पट (पडद्यावर पट दाखवणारा प्रोग्राम) आधी टाकायचा, आणि त्यात इंजिन म्हणून स्टॉकफिशची फाइल जोडायची. स्टॉकफिशच्या फाइली प्रोसेसरच्या प्रकारानुसार वेगवेगळ्या असतात. अलीकडच्या बहुतेक संगणकांना ‘एव्हीएक्स२’ची फाइल चालते. जुन्या संगणकावर ती उघडताक्षणी बंद पडते आणि पट ‘इंजिन उत्तर देत नाही’ म्हणतो. अशा वेळी ‘एसएसई४१-पॉपसीएनटी’ची घ्यावी.

पुढची चूक मोठी, कारण ती दिसत नाही. मुळात थ्रेड (प्रोसेसरचे किती कोअर कामाला लावायचे) १ आणि हॅश (तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची मेमरी) फक्त १६ एमबी असतो, आणि तसाच वर्षानुवर्षं राहतो. चार कोअर असतील तर थ्रेड ३ ठेवा, एक कोअर संगणकाला मोकळा राहू द्या. ८ जीबी रॅमवर हॅश १०२४ एमबी पुरे. त्याहून फार वाढवला तर मेमरी डिस्कवर सांडते आणि इंजिन उलट मंदावतं. मे महिन्यात पंख्याखालच्या लॅपटॉपवर सगळे थ्रेड लावले की प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो. सेकंदाला किती स्थिती तपासल्या जातात तो आकडा पटाखाली दिसतो. तो घसरत गेला तर थ्रेड कमी करा.

आता कोणती बाजू किती वरचढ आहे हे सांगणारे इंजिनाचे आकडे वाचणं. १५.१ आवृत्तीपासून +१.०० चा अर्थ वरचढ बाजूची जिंकण्याची शक्यता साधारण ५० टक्के, पण ती इंजिनाविरुद्ध इंजिन खेळताना. चौदाशे-पंधराशे रेटिंगच्या मुलाला +०.६ वरून +०.२ वर आल्याबद्दल रागावू नये, त्या पातळीवर डाव तेवढ्याने ठरत नाही. आधी चालीमागे एक सेकंद देऊन अख्खा डाव चाळा. ढोबळ चुका तेवढ्यात सापडतात. ढोबळ चूक कोणाकडूनही होते : २००६ साली बॉनला डीप फ्रिट्झ या प्रोग्रामविरुद्ध विश्वविजेत्या क्रॅमनिकला एका चालीतली मात दिसली नाही, आणि सामना तो ४-२ ने हरला. मग कलाटणीच्या तीन-चार जागा निवडून प्रत्येकीला दोन मिनिटं द्या. तीन पर्याय एकदम दाखवायला लावले तर तेवढ्याच वेळात खोली (इंजिन किती चाली पुढचं पाहतं) कमी मिळते, हे लक्षात ठेवा.

स्टॉकफिशचा खरा कमकुवतपणा बंद पटांत दिसतो. एका बाजूला जास्तीचा हत्ती आहे, पण शिरायला वाटच नाही, अशा किल्लेबंदीत ते बराच वेळ +३ दाखवत राहतं. खोली वाढूनही आकडा हलत नसेल, तर पाच-सहा चाली स्वतः पुढे खेळून बघा. काहीच घडत नसेल तर ती बरोबरी समजा.

मुलाला खेळायला जोडीदार म्हणून मात्र स्टॉकफिश देऊ नये. रेटिंगची मर्यादा १३२० पर्यंत खाली आणता येते, पण मग ते दहा चाली निर्दोष खेळून अकराव्या चालीला वजीर फुकट देतं. माणूस तसा चुकत नाही, त्यामुळे मुलाला पुढच्या स्पर्धेत उपयोगी पडेल असं काही शिकायला मिळत नाही. त्यासाठी माया इंजिन चांगलं : माणसांच्या लाखो डावांवर ते शिकवलेलं आहे, ११०० ते १९०० च्या पातळ्यांसाठी वेगवेगळं, आणि लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर त्याच्याशी फुकट खेळता येतं.

अँड्रॉइड फोनवर ड्रॉइडफिश हे ॲप घ्या. स्टॉकफिश त्यात आधीच असतं आणि इंटरनेट लागत नाही, म्हणून ठाणे-वाशी लोकलमध्ये, रेंज गेली तरी डाव तपासता येतो. थ्रेड दोनच ठेवा, बॅटरी टिकते. खेळाच्या जागी मात्र फोन जवळ ठेवू नका, बंद असला तरी. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नियमांनुसार त्यापायी डाव गमवावा लागू शकतो, तेव्हा हॉलमध्ये शिरण्यापूर्वी तो पालकांच्या हातात द्यावा.