घाटात बर्फ कुठून आणणार होतो मी?

एका फसव्या कूलिंग किटपायी बुडाले 84,750 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना हसू आलं तरी जपून हसाल.

माझी टर्बो डिझेल पिकअप आहे. नाशिकहून भाजी, द्राक्षं घेऊन वाशीला जायचं आणि येताना भिवंडीतून मिळेल तो माल भरायचा. जाताना कसारा घाट उतार असतो, येताना भरल्या गाडीने चढ. मार्चपासून चढावर इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला. माणूस घाबरला की गिऱ्हाईक म्हणून सोपा होतो, आणि मी घाबरलो होतो.

मोबाईलवर व्हिडिओ आला: बर्फावर उडत जाणारी टर्बो स्नोमोबाईल (चाकांऐवजी रबरी पट्ट्यावर पळणारी बर्फातली गाडी), आणि खाली मराठीत 'हीच कूलिंग किट आता तुमच्या पिकअपला'. दुकान नाशिकच्याच द्वारका चौकाच्या पुढे. माणूस गोड. "भाऊ, ही गाडी दिवसभर फुल रेसवर पळते, तापत नाही. तुमचा कसारा काय चीज आहे?" मला पटलं. सोळा वर्षं स्टिअरिंगवर काढलेल्या माणसाला पटलं!

इथेच थांबायला हवं होतं. व्हिडिओत गाडीच्या मागून बर्फ कसा उधळत होता ते मी तीनदा पाहिलं. त्या गाडीच्या पोटाखाली, फिरत्या पट्ट्याच्या वरच्या बाजूला, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) खेळवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या असतात. तो पट्टा बर्फ उडवून त्यांच्यावर मारतो आणि त्यानेच इंजिन थंड राहतं. नुसत्या कडक बर्फावर भुगा उडाला नाही तर तीही तापते, म्हणून तिकडचे लोक बर्फ खरवडायला खाली तारेचे आकडे लावतात. हे मला नंतर कळलं, मान्य. पण एवढं तरी सुचायला हवं होतं की एप्रिलच्या दुपारी इगतपुरीच्या अलीकडे माझ्या चेसिसखाली बर्फ कोण फेकणार?

किट 26,500, बसवणावळ 4,500, 'इम्पोर्टेड' कूलंटचे तीन कॅन 5,400. एकूण 36,400. त्यातले 20,000 यूपीआयने दिले, बाकी रोख. बिल मागितलं तर "जीएसटी वाढेल भाऊ, कशाला?" मलाही 18 टक्के वाचल्यासारखे वाटले. लोभ माझाही होता, नाकारत नाही. पण भाडी बुडत होती, बँकेचा हप्ता 10 तारखेला कापला जातो, अशा वेळी कोणीही हेच केलं असतं. वर त्याने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारी झडप, काढून हातात दिला, "हाच अडवतो पाणी". मी त्याला धन्यवाद दिले.

चौथ्या खेपेला घाटात काटा लाल रेघेच्या पार. पांढरा धूर, पाणी मिसळून ऑइलचं ताक झालेलं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, उडाली. टोचन करून नाशिकला आणायला 6,500, हेड घासून गॅस्केट नि मजुरी 41,850. अकरा दिवस गाडी उभी, ते यात धरलेलं नाही.

अंबडच्या मिस्त्रीने किट म्हणून बसवलेलं ते चेसिसखालचं खोकं कापून दाखवलं. एसीचा जुना कंडेन्सर, त्यावर चंदेरी रंग, अर्ध्या नळ्या बुजलेल्या. 'कूलंट' म्हणजे हिरवं पाणी. थर्मोस्टॅट काढल्यावर माझ्या इंजिनात बायपास उघडाच राहतो, म्हणजे थोडं पाणी रेडिएटरला न जाता तसंच फिरून परत येतं. मूळ दुखणं काय, तर फॅनचा क्लच (इंजिनच्या जोरावर फॅन फिरवणारा जोड) गेलेला आणि रेडिएटरच्या जाळीत धूळ. ते नीट करायला खर्च फक्त 7,300. मिस्त्री काही बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं.

कोणी थर्मोस्टॅट काढायला सांगितलं तर गाडी तिथून हलवा. रेडिएटरचं झाकण ढिलं असेल तर आधी ते बदला, दाब टिकला तर पाणी 100 ऐवजी 120 च्या आसपास उकळतं. गरम असताना मात्र त्याला हात लावू नका.

आता तक्रारीचं ऐका. पहिल्या चौकीत म्हणाले, दुकान आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या चौकीत, "पैसे तुम्हीच दिले ना? दिवाणी मॅटर आहे, आपसात मिटवा." सायबरवाल्यांनी सांगितलं, समोरासमोरचा व्यवहार आमच्याकडे येत नाही. ऑनलाइन तक्रार केली तर नवव्या दिवशी मेसेज: 'आपली तक्रार निकाली काढली आहे.' काय निकाली काढली? कोणी फोन केला? एका साहेबाने तर विचारलं, "स्नोमोबाईल नाशिकमध्ये चालते का?" अख्खी खोली हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार! बिल नाही म्हणून मी खोटा, आणि बिल न देणारा दुकानात बसून पुढची किट विकतोय.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. पुरावा म्हणून यूपीआयची नोंद, चॅट, आणि ते कापलेलं खोकं. कापण्याआधी फोटो काढले नाहीत, ही आणखी एक चूक.

द्वारका ते आडगाव नाका पट्ट्यात कोणी असं चंदेरी खोकं बसवलं असेल तर ते काढू नका, कापू नका. गाडीखाली झोपून सगळ्या बाजूंनी फोटो घ्या आणि मला कळवा. दोघं-तिघं झालो तर चौकीत निदान बसायला खुर्ची तरी देतील.