आयकीविकी पावसाळाभर वापरल्यावर : हुक उत्तम, पण शिळ्या पानाची जबाबदारी कुणाची?

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली, तरी आमच्या विकीवर गल्लीच्या पानात आदल्या संध्याकाळचाच आकडा होता. मुखपृष्ठावरही तोच. सर्व्हर चालू, पान झटक्यात उघडतंय, लॉगमध्ये एकही एरर नाही. विकीची पानं बनवणाऱ्या आयकीविकी या कंपायलरच्या हिशेबानं सगळं सुरळीत होतं. पाणी चढत असताना असलं पान बंद पानापेक्षा वाईट. पान उघडलं नाही तर माणूस कुणाला तरी फोन करून विचारतो. शिळा आकडा बघितला की सामान माळ्यावर न चढवता झोपून जातो. त्या रात्री फोनाफोनी करून सगळ्यांना कळवलं आणि दुसऱ्या दिवसापासून या कंपायलरचे हुक, म्हणजे त्याच्या कामात मध्येच आपला कोड चालवायच्या जागा, मुळापासून वाचायला घेतले.

आयकीविकी म्हणजे काय हे सांगत बसत नाही. जोई हेस यांनी 2006 मध्ये सुरू केलेला, पर्ल भाषेतला, गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवलेल्या मजकुराची एचटीएमएल पानं करून देणारा विकी कंपायलर, एवढं पुरे. आम्ही तो घेतला तो खर्चाकडे बघून. डेटाबेस नको, दर महिन्याचं मोठं भाडं नको, तयार पानं कुठल्याही स्वस्त जागेवर ठेवता येतात. 2019 आणि 2021 च्या महापुरात कुठं किती पाणी आलं, कुठला रस्ता आधी बंद झाला, जनावरं कुठं हलवली, या सगळ्या नोंदी वह्यांत आणि मोबाइलमध्ये विखुरल्या होत्या. सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, तिकडं चिखली आणि आंबेवाडी, अशी एकेक पानं करून त्या एका जागी आणायच्या होत्या.

त्यात एक जादा सोय हवी होती. पानात 'पातळी' नावाचा डायरेक्टिव्ह (कंपायलरला दिलेली छोटी सूचना) लिहायचा, त्याला त्या गल्लीत पाणी शिरतं तो फुटांचा आकडा द्यायचा, आणि पान तयार होताना तिथं 'अजून इतके फूट बाकी' असं छापून यावं. यासाठी प्लगइन, म्हणजे जोडून द्यायचा आपला छोटा प्रोग्राम, लागतं, आणि प्लगइन म्हणजे हुक.

इथं मी या सॉफ्टवेअरवर मनापासून खूश आहे. हुक नोंदवायला तीन गोष्टी लागतात: प्रकार, आयडी आणि कुठलं फंक्शन बोलवायचं ते. फाइल लिबडिर या ठरवून दिलेल्या जागेखालच्या प्लगइनच्या फोल्डरमध्ये टाकली, सेटअप फाइलमध्ये ॲड प्लगइन्सच्या यादीत नाव घातलं, झालं. पान कच्च्या मजकुरापासून एचटीएमएलपर्यंत ज्या वाटेनं जातं, त्या वाटेवर प्रत्येक वळणाला आत शिरायला जागा ठेवलेली आहे. फिल्टरच्या हातात अगदी कच्चा मजकूर येतो, अजून कुणी हात न लावलेला. प्रीप्रोसेस डायरेक्टिव्ह उलगडतो. लिंकिफाय विकीच्या दुव्यांचे खरे दुवे करतो. एचटीएमलाइझ मार्कडाउनचं (साध्या खुणांनी लिहिलेल्या मजकुराचं) एचटीएमएल करतो, आणि त्याचा आयडी म्हणजेच फाइलचं एक्स्टेन्शन, त्यामुळं नवीन लेखनपद्धत जोडणं फारच सोपं. मग सॅनिटाइझ पानाचा मुख्य मजकूर साफ करतो. शेवटी फॉरमॅटला वरच्या-खालच्या पट्ट्यांसकट अख्खं पान मिळतं. प्रत्येक टप्प्यावर आपल्या हातात नेमकं काय येतं आणि आपण काय परत द्यायचं, हे ठरलेलं आहे. पर्ल जेमतेम येणाऱ्या माणसालाही एका बैठकीत चालू प्लगइन उभं करता आलं. नाद खुळा!

आता दुखणं. आमचं प्लगइन नदीचा आकडा एका सीएसव्ही (स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेल्या साध्या) फाइलमधून वाचत होतं. ती फाइल वेगळी स्क्रिप्ट ताजी करते आणि ती विकीच्या सोर्स फोल्डरच्या बाहेर असते. रिफ्रेश करताना (बदल झालेलं तेवढंच पुन्हा बनवताना) आयकीविकी सोर्समधल्या फाइलींच्या बदलाच्या वेळा बघतो. बदललेली पानं, त्यांच्यावर अवलंबून असलेली पानं, त्यांच्याशी दुव्यानं जोडलेली पानं, एवढीच नव्यानं बनवतो. कुंभार गल्लीच्या पानात कुणी अक्षरही बदललं नव्हतं. मग ते पान कशाला बनवायचं? प्रीप्रोसेस हुकच्या आत आपण कुठली फाइल उघडली, याची नोंद कंपायलर ठेवत नाही. ते आपण सांगायचं.

सुरुवातीला मी हे सरळ सरळ दोष म्हणून धरलं. विकी चालवणाऱ्या आमच्या गटातल्या सगळ्यांना सांगितलं की दर वेळी रिबिल्ड करू, म्हणजे सगळा विकी पुन्हा बनवू, नाहीतर हे सोडून दुसरं काही बघू. पण सगळा विकी पुन्हा बनवायला इतका वेळ जायला लागला की आकडा छापून येईपर्यंत नदी पुढं गेलेली असायची. आणि जे थोडंच काम करतं म्हणून हे सॉफ्टवेअर घेतलं, त्याच्याकडून रोज सगळं काम करून घेण्यात काय अर्थ?

मत बदललं ते सोबत येणाऱ्या कॅलेंडर प्लगइनचा कोड वाचल्यावर. त्यालाही हीच अडचण होती: तारीख बदलली की महिन्याचं पान बदलायला हवं, पण फाइलला तर कुणी हात लावलेला नसतो. त्याचा उपाय नीड्सबिल्ड नावाच्या हुकात आहे. कुठली पानं बनवायची ही यादी तयार झाल्यावर हा हुक चालतो आणि यादीत भर घालायची मुभा देतो. आपल्या डायरेक्टिव्हनं पेजस्टेटमध्ये (दर पानामागे ठेवलेल्या नोंदीत) आधीच लिहून ठेवायचं की मी या पानावर आहे. पुढच्या रिफ्रेशला नीड्सबिल्डनं सीएसव्हीची वेळ बघायची आणि ती नवी असेल तर ही सगळी पानं यादीत ढकलायची. कॅलेंडरमधली अजून एक खुबी उचलण्यासारखी आहे: पान तसंही बनणार असेल तर आपली जुनी नोंद पुसून टाकायची. डायरेक्टिव्ह अजून तिथं असला तर तो ती पुन्हा लिहील, कुणी काढून टाकला असला तर विषय संपला.

विकीच्या आतल्या पानांसाठी तर याहून सोपं आहे. 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका हे आकडे आम्ही एका पानात ठेवले आणि ॲड डिपेंड्सच्या एका ओळीत प्रत्येक गल्लीचं पान त्याच्यावर अवलंबून आहे असं जाहीर केलं. ते पान बदललं की सगळी पानं आपोआप नवी होतात. हे बघितल्यावर 'दोष' हा शब्द मी मागं घेतला. पण प्लगइन लिहायची माहिती वाचताना ही गोष्ट पहिल्याच परिच्छेदात ठळक हवी, हा माझा आग्रह कायम आहे. हुकांची लांबलचक यादी वाचणाऱ्या नव्या माणसाला कळायलाच हवं, की बाहेरचं काहीही वाचत असाल तर पान शिळं होऊ न देण्याचं काम तुमचं.

आणि पेज आणि डेस्टपेज यांतला फरक पाठ करून ठेवा. गल्लीचं पान इनलाइननं (एक पान दुसऱ्यात दाखवणाऱ्या डायरेक्टिव्हनं) मुखपृष्ठावर दिसत असेल, तर तिथं पेज म्हणजे गल्लीचं पान आणि डेस्टपेज म्हणजे मुखपृष्ठ. नोंद पेजच्या नावावर ठेवली तर गल्लीचं पान ताजं होतं आणि मुखपृष्ठ जुनंच राहतं. लोक तर मुखपृष्ठच बघतात! नोंद डेस्टपेजच्या नावावर ठेवायची, म्हणजे दोन्ही ठिकाणी काम होतं.

आता होस्टिंगवाल्यांशी झालेलं भांडण. नीड्सबिल्ड चालतो तो रिफ्रेश झाला तरच, आणि रिफ्रेश क्रॉननं (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीनं) करून घ्यावा लागतो. आम्ही भाड्यानं घेतलेल्या स्वस्त जागेवर क्रॉन तासाला एकदाच चालेल, असं तक्रारीनंतर कळलं. घेताना त्याचा कुठं उल्लेख नव्हता. मोठा प्लॅन घ्या, एवढंच उत्तर पुन्हा पुन्हा. नदीचा आकडा दाखवायला वर्षाचे जादा पैसे भरायला मी तयार नव्हतो आणि आजही नाही. कंपायलर घरच्या जुन्या लॅपटॉपवर आणला, क्रॉन हवा तितक्या वेळा लावला आणि बनलेली पानं तेवढी आरसिंकनं (फाइली दुसऱ्या मशीनवर पाठवणाऱ्या साधनानं) वर पाठवतो. स्थिर पानांचा हा मोठा फायदा आहे. सर्व्हरवर पर्लसुद्धा लागत नाही.

बाकी गोष्टी थोडक्यात. प्रीप्रोसेस हुकला स्कॅनचा पर्याय लावला तर तो दर पानाला दोनदा चालतो, एकदा आधीच्या पाहणीत आणि एकदा खऱ्या बांधणीत. डायरेक्टिव्ह दुवे जोडत असेल तरच तो लावावा. आलेख काढण्यासारखं जड काम असेल तर वॉन्टॲरे (उत्तराची कुणी वाट बघतंय का ते सांगणारं पर्लचं फंक्शन) तपासून पाहणीच्या फेरीत ते टाळता येतं. डायरेक्टिव्हमधून स्टाइल लावून लाल रंग छापायला गेलात तर एचटीएमएल स्क्रबर (धोकादायक एचटीएमएल गाळणारं प्लगइन) तो काढून टाकतो. क्लास द्या आणि रंग सीएसएसमध्ये ठेवा. स्क्रबर बंद करू नका. बाहेरची माणसं लिहितात त्या विकीवर तो हवाच.

गटातल्या पोरांना पर्ल नको, पायथन हवं होतं. तीही सोय आहे. बाहेरचं प्लगइन एक्सएमएल-आरपीसीवरून (दोन प्रोग्रामनी बोलायच्या एका ठरलेल्या पद्धतीनं) बोलतं, स्टँडर्ड इनपुट आणि आउटपुटमधून. म्हणून त्यात तपासणीसाठी साधा प्रिंट टाकलात की संभाषणच बिघडतं, संदेश स्टँडर्ड एररवर पाठवायचे. पेजस्टेटला थेट हात लावता येत नाही, गेटस्टेट आणि सेटस्टेट वापरावं लागतं. चालतं, पण नोंदी ठेवणारं प्लगइन असेल तर पर्लच बरं, असं माझं मत झालंय.

पुढचं काम राधानगरी धरणाचं. तिथले 7 स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपापले उघडतात, त्यामुळं ती माहिती यायला ठरावीक वेळ नाही. दरवाज्यांची वेगळी फाइल आणि त्यासाठी वेगळा डायरेक्टिव्ह करणार आहोत, आणि नीड्सबिल्डमध्ये फक्त भोगावतीकाठच्या गावांची पानं ढकलणार आहोत. तो कोड जूनच्या आत चालू हवा.