स्लाइड टॉपरच्या नावाखाली १,७५५ डॉलर गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आकडा आधीच सांगून टाकते, लाजेने अर्धवट सांगण्यात काही अर्थ नाही. ॲडव्हान्स ७३० डॉलर, मग "कापड जास्त लागतंय" म्हणून वर ३८५, आणि टॉपर लावायला आलेल्या माणसाने भिंतीला पाडलेल्या भोकांतून जे पाणी आत शिरलं त्याच्या दुरुस्तीचे ६४०. एकूण १,७५५ डॉलर, आणि ट्रेलरवर आजही टॉपर नाही. (ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, स्लाइड म्हणजे त्याच्या भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग, आणि टॉपर म्हणजे त्या स्लाइडच्या टपावरचं कापडी छत.) दोन महिने मी कोणालाच बोलले नव्हते. पण गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका जोडप्याने विचारलं की एक माणूस स्वस्तात टॉपर लावून देतोय, पैसे देऊ का, आणि मग मला गप्प बसवेना.

आमचा ट्रेलर २०१९ चा, २८ फुटी, सेकंडहँड घेतलेला. दोन स्लाइड आहेत, सोफा आणि डायनिंगची मोठी आणि बेडरूममधली कपाटाची छोटी. टॉपर लावायचा की नाही यावर आमच्या घरात वर्षभर वाद चालू होता. माझी बाजू अशी की ओकखाली उभं राहिलं की पानं, काड्या, बिया सगळं स्लाइडच्या टपावर पडतं, ते न झाडता स्लाइड आत घेतली की कचरा रबरी सीलमधे अडकतो, सील दुमडतं, फाटतं आणि मग पाणी आत. टॉपर असला की स्लाइडबरोबर कापड उलगडतं, आत घेताना स्प्रिंगवर गुंडाळलं जातं, कचरा बाहेरच्या बाहेर. नवऱ्याची बाजू अशी की वाऱ्यात ते कापड रात्रभर फडफडतं, मोठ्या पावसात मधोमध पाणी साचतं, उन्हाने शिवण कुजते आणि काही वर्षांनी परत खर्च, त्यापेक्षा लांब दांड्याचा ब्रश आणि शिडी पुरे. दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच निर्णय होत नव्हता. तो माणूस नेमका या न झालेल्या निर्णयात येऊन बसला.

मार्चमधला शनिवार, टेक्सास हिल कंट्रीतलं एक खासगी कॅम्पग्राउंड. सासूसासरे भारतातून आले होते, त्यांची पहिलीच ट्रीप. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, इथले लाइव्ह ओक हिवाळ्याच्या तोंडावर पानं गाळत नाहीत, ते वसंतात गाळतात, आणि त्याबरोबर पिवळे तुरेही पडतात, म्हणजे मार्चमधे स्लाइडवर गालिचाच होतो. हा माणूस पिकअपला शिडी बांधून साइट टू साइट फिरत होता. अदबीने बोलला, "वर बघू का, पैसे नाहीत बघायचे" म्हणाला, चढला आणि मूठभर ओली काळपट पानं आणून आमच्या पिकनिक टेबलावर ठेवली. मग फोनवर फोटो दाखवला, सीलची कड आत वळलेली. हे सगळं खरं होतं हो! पानं आमचीच, सील आमचंच. म्हणून तर पुढचं सगळं मी मान हलवत ऐकलं. दोन टॉपर, नामांकित कंपनीचे, लावून १,४६० डॉलर, निम्मे आता. मी आधी एका दुकानात विचारलं होतं तिथे २,१०० सांगितले होते, त्यामुळे मला हे काही संशय यावा इतकं स्वस्त वाटलं नाही, रास्त वाटलं. कोणी "एवढं कसं कळलं नाही" म्हणेल त्याला हे सांगायचंय की तो फुकट देतोय असं म्हणतच नव्हता.

आता ती गोष्ट, जी आठवली की मला अजून रात्री झोप लागत नाही. त्याने टेप काढली, मोठ्या स्लाइडच्या खालच्या कडेला एका हाताने धरली, "ओके" म्हणाला आणि टेप सर्रकन सोडून दिली. बस. टॉपर मापाने येतो, मंडळी. स्लाइडच्या एका फ्लँजपासून, म्हणजे बाजूच्या बाहेर आलेल्या कडेपासून, दुसऱ्या फ्लँजपर्यंत वरून माप घ्यावं लागतं, स्लाइड किती बाहेर येते ते घ्यावं लागतं, वर रेल, म्हणजे कापडाची कड अडकवायची पट्टी, बसवायला किती जागा आहे ते बघावं लागतं, रोलर (कापड गुंडाळायचा दांडा) आणि कापड त्यावर ठरतं. याने खालून टेप धरली, आणि छोट्या स्लाइडकडे तर गेलासुद्धा नाही. सासरे खुर्चीत बसून बघत होते, ३१ वर्षं कारखान्यात फिटर होते. मला हळूच म्हणाले, "अगं, त्याने माप लिहून घेतलं का?" आणि मी म्हटलं, "अहो बाबा, इथे सगळं फोनमधे टाकतात." त्याचा फोन तेव्हा पिकअपच्या डॅशबोर्डवर पडलेला मला दिसत होता. दिसत होता! तरी मी बाबांना गप्प केलं. पैसे गेले त्यापेक्षा हे जास्त लागलंय.

झेलने, म्हणजे बँक खात्यातून थेट पैसे पाठवायच्या ॲपने, पैसे पाठवताना स्क्रीनवर समोरच्याचं नाव येतं, ते त्याच्या व्हिजिटिंग कार्डावरच्या नावाशी जुळत नव्हतं, एका बाईचं नाव होतं. "बायको हिशोब बघते" म्हणाला. आमच्याही घरी हिशोब मीच बघते, मला ते खटकलंच नाही. तुम्हाला खटकू दे. नाव जुळलं नाही की फोन खाली ठेवायचा.

गुरुवारी येतो म्हणाला, आम्ही ट्रेलर ठेवतो त्या स्टोरेजच्या आवारात. गुरुवारच का ते मला फार नंतर कळलं. अमेरिकेत एफटीसीचा, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या केंद्रीय आयोगाचा, एक नियम आहे, विक्रेत्याच्या कायमच्या दुकानाबाहेर झालेला सौदा, घरी असेल तर २५ डॉलर आणि तात्पुरत्या जागी असेल तर १३० डॉलर किंवा त्याच्या वरचा, तिसऱ्या कामाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो. शनिवारचा सौदा म्हणजे बुधवारी रात्री मुदत संपली. रद्द करायचा फॉर्म दोन प्रतींत त्यानेच द्यायचा असतो. मला मिळाला होता पावतीपुस्तकातला एक पिवळा कागद, त्यावर "टॉपर्स, २" आणि रक्कम, ना पत्ता ना मॉडेल. असा कागद कोणी दिला तर तिथल्या तिथे फॉर्म मागा, चेहरा बघा काय होतो ते.

गुरुवारी तो खरंच आला, यानेच तर घात केला. ॲल्युमिनियमची रेल आणली, मोठ्या स्लाइडच्या वर भिंतीला ११ स्क्रू मारून बसवली, आणि मग म्हणाला की रोलर आहे पण कापड कमी पडतंय, तुमची स्लाइड मी धरली त्यापेक्षा रुंद आहे, मोठं कापड मागवायला ३८५ लागतील, आज पाठवलेत तर सोमवारी येईल. माप चुकवलं याने आणि पैसे मी देणार! पण तेव्हा भिंतीला रेल लागलेली डोळ्यासमोर दिसत होती, काम निम्मं झालंय असं वाटलं, नवरा ऑफिसच्या मीटिंगमधे, फोन लागेना, मी गाडीत बसून दिले पाठवून. रोलर मी डोळ्याने बघितलाही नव्हता. सोमवार गेला, पुढचा सोमवार गेला, "सप्लायरकडे अडकलंय", "मुलगा आजारी आहे", आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नंबर बंद.

तरी मी म्हणत होते १,११५ गेले, एवढ्यावर सुटलो. मेच्या सुरुवातीला ट्रेलर उघडला तर आत कुबट वास. सोफ्याच्या वर, कपाटांच्या खाली वॉलपेपरला फुगे आले होते, बोटाने दाबलं तर भिंत आत गेली. सर्टिफाइड टेक्निशियनला बोलावलं, त्याने रेल काढली. मागे ब्यूटाइल टेपचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या चिकट पट्टीचा, एक तुकडा नाही, स्क्रूच्या डोक्यांवर सीलंट नाही, अकराच्या अकरा भोकं उघडी, एप्रिलचा सगळा पाऊस त्यातून आत उतरलेला. एक स्क्रू त्याने माझ्या तळहातावर ठेवला, गंजून तपकिरी, आणि त्याला चिकटलेला प्लायचा लगदा, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. पाणी आत येऊ नये म्हणून मी पैसे दिले होते. कोणीही भिंतीत स्क्रू मारत असेल तर समोर उभं राहा, रेलच्या मागे टेप लागताना डोळ्याने बघा, वर सीलंट लागल्याशिवाय त्याला शिडी उचलू देऊ नका.

आता तक्रारींचं सांगते. बँकेत फोन, ४० मिनिटं होल्ड, मग उत्तर की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, त्यामुळे हा अनधिकृत व्यवहार नाही, केस बंद. कायदा आहे तो बँक खात्यातून चोरून काढलेल्या पैशांसाठी, फसवून पाठवायला लावलेल्यांसाठी नाही, हे मला ती बाई शांतपणे समजावत होती. क्रेडिट कार्डाने दिले असते तर १९७४ च्या कायद्याखाली, स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांत लेखी वाद घालायची सोय होती. तो "कार्डाला ४ टक्के जास्त" म्हणाला होता. चार टक्के म्हणजे ७३० वर २९ डॉलर २० सेंट, तेवढे वाचवायला मी हे केलं. द्या ते चार टक्के. कार्ड घेतच नाही म्हणाला तर तो माणूसच नको.

मग पोलीस. ऑफिसर नीट बोलला, पण काय म्हणाला ऐका, "त्याने काही काम केलंय ना, मग ही चोरी नाही, हा करारातला वाद, सिव्हिल मॅटर." काही काम म्हणजे ११ भोकं! त्याने काहीच केलं नसतं, नुसते पैसे घेऊन पळाला असता, तर माझी तक्रार जास्त भक्कम होती. ज्या भोकांनी माझी भिंत कुजली तीच भोकं त्याचा बचाव झाली. हे मी तीन वेगवेगळ्या लोकांना तीन वेगवेगळ्या काउंटरवर समजावलं, प्रत्येकाने मान हलवली आणि पुढचा फॉर्म दिला. राज्याच्या ग्राहक तक्रारीला उत्तर आलं की नोंद घेतली, वैयक्तिक प्रकरणात आम्ही वकील होत नाही. फेडरल साइटवरही तेच, नोंद. इन्शुरन्सवाले म्हणाले चुकीच्या कारागिरीचं नुकसान पॉलिसीत बसत नाही. मग कोणाचं बसतं? चूक करणारा पळाला, बँकेने हात वर केले, पोलिसांनी कोर्टाकडे बोट दाखवलं. टेक्सासमधे जस्टिस कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, २० हजार डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो, ठीक आहे, पण समन्स बजावायला पत्ता लागतो, आणि माझ्याकडे आहे पिवळा कागद आणि बंद नंबर. कार्डावरचं कंपनीचं नाव राज्याच्या नोंदणीत सापडत नाही. ते शोधायला मला घरबसल्या दहा मिनिटं लागली, आधी शोधलं असतं तर! गाडीची नंबरप्लेट तरी टिपून ठेवा, मी तेही केलं नाही.

टॉपरबद्दल विचाराल तर अजूनही मी म्हणेन की महिनोन् महिने झाडाखाली मुक्काम असेल तर लावा, महिन्यातून एक वीकेंड जात असाल तर ब्रश पुरतो, आणि मोकळ्या वाऱ्याच्या जागी राहत असाल तर दहा वेळा विचार करा. जुन्या ट्रेलरला मूळचा टॉपर असेल तर आधी बघा, बरेचदा नुसतं कापड बदलून भागतं. स्वतः लावणार असाल तर ताणलेल्या स्प्रिंगचं टोक पिन लावल्याशिवाय उघडू नका, हात मोडतो. पण कोणीही कॅम्पग्राउंडवर चालत येऊन तुमच्या टपावर चढला तर खाली आल्यावर त्याला फक्त विचारा, माप किती आलं. इंचात सांगता आलं नाही तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

नवरा सध्या निघायच्या सकाळी शिडीवर चढून ब्रश मारतो, झाल्या प्रकारावरून मला एक शब्द बोललेला नाही. बाबांनी परत जायच्या आधी दोन्ही स्लाइडचं माप घेऊन माझ्या वहीत पेन्सिलने लिहून ठेवलंय, फ्लँज ते फ्लँज, खाली तारीख.

आणखी एक. मार्चनंतर हिल कंट्रीच्या कॅम्पग्राउंडवर कोणी असाच ॲडव्हान्स दिला असेल, पिवळी पावती, बाईच्या नावाचं झेल, तर कृपा करून मला कळवा, लाजू नका. ऑफिसरने एवढं मात्र सांगितलंय की असेच आणखी दोघं-तिघं पुढे आले तर तो फाइल परत उघडेल, मग तो "करारातला वाद" राहणार नाही.