मॅडेलंग की जुनी दुखापत? एक्स-रेवर फरक कसा ओळखायचा
मॅडेलंग म्हणजे मनगटाजवळच्या हाडाच्या वाढीतला दोष. तो असो की जुनी दुखापत, दोन्हीत रेडियसचं (हाताचं अंगठ्याकडचं हाड) टोक अल्नाकडे (करंगळीकडचं हाड) कलतं त्यामुळे एकाच हाताची फिल्म बघून गोंधळ होतोच, म्हणून दोन्ही मनगटांचे एक्स-रे काढाच. मॅडेलंग बहुतेक वेळा दोन्हीकडे असतो, मुलींत जास्त, आणि वाढीच्या वयात दिसायला लागतो. दुखापतीमुळे आलेला दोष सहसा एकाच हातात असतो, जुन्या फ्रॅक्चरची हिस्टरी मिळते. माझ्या मते खरी खूण रेडियसच्या अल्नाकडच्या कडेवर, ग्रोथ प्लेटच्या (जिथून हाड लांबीला वाढतं तो थर) जरा वर, कोपराच्या बाजूला असते, तिथे व्हिकर्स लिगामेंट (मॅडेलंगमध्ये दिसणारा रेडियस ते ल्युनेट असा जाड पट्टा) चिकटतं आणि हाडात खाच दिसते, दुखापतीत ती सहसा नसते. ल्युनेट (मनगटातलं एक छोटं हाड) रेडियस आणि अल्नाच्या फटीत घुसलेला दिसला तरी फक्त त्यावर जाऊ नका, तो दोन्हीत दिसू शकतो. मॅडेलंग वाटला तर उंचीही तपासा, शॉक्स (SHOX) या हाडांच्या वाढीशी आणि उंचीशी संबंधित जीनचा दोष असू शकतो.