चेरी-पिक सोडून मर्ज-अप: काही महिन्यांच्या वापरानंतर

गिटफ्लो म्हणजे गिट या कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात ब्रँचेस (कामाच्या समांतर शाखा) कशा चालवायच्या याची एक ठरलेली पद्धत. तिची आकृती सगळ्यांनी पाहिलेली असते, त्यामुळे ती समजावत बसत नाही. आमच्या मुक्तस्रोत प्रकल्पात बरेच महिने तीच पद्धत चालली. मोडली ती एका बगमुळे. जुन्या आवृत्तीत दुरुस्त झालेला तोच बग नव्या आवृत्तीत परत आला. दुरुस्ती रिलीज ब्रँचवर पोचली होती, पुढच्या आवृत्तीचं काम चालतं त्या डेव्हलप ब्रँचवर न्यायची राहिली होती.

माझा सगळा राग चेरी-पिकवर, म्हणजे एका ब्रँचवरचा बदल उचलून दुसरीवर पुन्हा लावण्यावर आहे. बदल तोच, पण कमिट (इतिहासातली नोंद) नवा आणि हॅश (त्या नोंदीचा ओळख-आकडा) वेगळा. ‘-एक्स’ हा पर्याय दिला तर मूळ हॅश संदेशात लिहिला जातो, पण तो नुसता मजकूर; इतिहासाच्या आलेखात नातं जुळत नाही. मग अमुक कमिट कुठल्या ब्रँचेसमध्ये आहे हे सांगणाऱ्या ‘ब्रँच --कंटेन्स’ला विचारावं तर दुरुस्ती असलेली ब्रँचही यादीत दिसत नाही. ‘गिट चेरी’ पॅच-आयडी (बदलाच्या मजकुरावरून काढलेली खूण) ताडून पाहतं, पण कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) सोडवताना ओळी बदलल्या की तेही फसतं. कुठली दुरुस्ती कुठल्या आवृत्तीत आहे, एवढ्या साध्या प्रश्नासाठी लॉग वाचत बसायचं, हे मला अजिबात मान्य नाही.

म्हणून गिटच्याच ‘गिटवर्कफ्लोज’ या मॅन्युअल पानावरची पद्धत घेतली: दुरुस्ती जिथे लागते त्यातल्या सर्वांत जुन्या, अजून सांभाळत असलेल्या ब्रँचवर करायची आणि तिथून वर, एकेका नव्या ब्रँचमध्ये, इतिहासासकट मिसळत म्हणजे मर्ज करत यायचं. हेच मर्ज-अप. खुद्द गिटच्या प्रकल्पातही प्रकाशित आवृत्ती सांभाळणारी ‘मेन्ट’ ब्रँच अशीच ‘मास्टर’ या मुख्य ब्रँचमध्ये मर्ज होते.

सुरुवातीला वैताग आला. आवृत्तीच्या आकड्याची फाइल दर मर्जला भांडायची. आकडा दरवेळी नवा, त्यामुळे आधीच्या कॉन्फ्लिक्टचं उत्तर लक्षात ठेवणाऱ्या ‘रेरेरे’चाही उपयोग नाही. आधी खऱ्या दुरुस्त्या मर्ज करायच्या आणि आकड्याचा कमिट तेवढा ‘अवर्स’ स्ट्रॅटेजीने (येणारा बदल टाकून आपलंच ठेवणाऱ्या), हे चालतं. पण क्रम चुकला तर त्या मर्जमध्ये आलेली दुरुस्तीही गुपचूप गळते. शेवटी आकडा ‘डिस्क्राइब’ या आज्ञेने टॅगवरून (कमिटवर लावलेल्या आवृत्तीच्या नावावरून) घ्यायला लागलो, आणि टारबॉलमध्ये (वाटायच्या फाइल-गठ्ठ्यात) गिटचा इतिहास नसतो म्हणून पॅकेज बनवताना तो फाइलमध्ये लिहितो. तेव्हापासून मर्ज-अप बहुतेक वेळा विनातक्रार होतं.

मधल्या काळात गिटफ्लोबद्दलचं मत बदललं. त्यात हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) मास्टर आणि डेव्हलप दोन्हीकडे मर्जच होतो, चेरी-पिक नाही. अडचण एवढीच की मास्टरवर एकच चालू आवृत्ती गृहीत धरलेली आहे. जुन्या दोन-तीन सांभाळायच्या असतील तर त्यांना जागा नाही, आणि चेरी-पिक तिथूनच शिरतं. व्हिन्सेंट ड्रीसन यांनी गिटफ्लो मांडणाऱ्या २०१० च्या आपल्या लेखाला २०२० मध्ये टीप जोडली, तीही रास्त आहे: सतत तैनात होणाऱ्या वेब सॉफ्टवेअरला साधी पद्धत घ्या, आवृत्त्या काढणाऱ्यांना गिटफ्लो अजून चालू शकेल.

मर्ज-अप सगळीकडे बसेल असंही नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रकल्प प्रत्येक मोठी आवृत्ती ५ वर्षे सांभाळतो आणि तीच दुरुस्ती प्रत्येक ब्रँचवर वेगळी कमिट करतो, संदेश तोच ठेवून. ब्रँचेस इतक्या दूर गेल्या असतील तर ते पटतं. मात्र तशी शिस्त सांभाळणारी माणसं हवीत.

नव्या योगदानकर्त्यांचा त्रास अजून आहे. ते साहजिकच मेनवरून (आमच्या मुख्य ब्रँचवरून) ब्रँच काढतात, आणि ती जुन्या आवृत्तीच्या मेन्टमध्ये मर्ज केली तर अख्खं मेन खाली येतं. ‘रिबेस --ऑन्टू’ करा, म्हणजे तुमचे कमिट उचलून दुसऱ्या ब्रँचवर ठेवा, असं पहिल्याच पॅचला सांगणं मला निर्दय वाटतं. ते काम आता आम्हीच करतो. लेखक म्हणून नाव त्यांचंच राहतं.

सर्वांत घातक म्हणजे सगळे कमिट दाबून एकच करणारं स्क्वॉशचं बटण. मर्ज-अपच्या विनंतीवर ते दाबलं की दुसरा पालक कमिटच उरत नाही, ‘कंटेन्स’ पुन्हा आंधळं होतं आणि पुढच्या मर्जला तेच कॉन्फ्लिक्ट परत उभे राहतात. रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये आम्ही ते सरळ बंद केलं आहे. कमिट नीटनेटके हवे असतील त्यांनी विनंती पाठवण्याआधी रिबेस करावं.