व्हर्जिन बेटे की ग्रेनेडिन्स?

कॅरिबियन समुद्रात शिडाच्या यॉटवर प्रथमच जाणाऱ्याने ब्रिटिश व्हर्जिन बेटे निवडावीत, असे माझे मत आहे. कारण टॉर्टोला व दक्षिणेकडील बेटांमधला सर फ्रान्सिस ड्रेक चॅनेल आडोशाचा असून पुढचे बेट बहुधा नजरेच्या टप्प्यात असते. अपवाद अनेगाडाचा, ते इतके सखल आहे की जवळ जाईपर्यंत दिसतच नाही.

सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनडा यांच्यामधल्या ग्रेनेडिन्स बेटमाळेत मात्र सेंट व्हिन्सेंटहून बेक्विया बेटाकडे निघताच आडोसा संपतो, अटलांटिकच्या लाटा डावीकडून येतात, प्रवाह यॉटला पश्चिमेकडे ढकलतो आणि त्यामुळे शीड आधीच लहान करून घेतलेले बरे. शिवाय याच माळेतले कारियाकू बेट ग्रेनडा या वेगळ्या देशाच्या हद्दीत असल्याने कस्टम्सचे सोपस्कार पुन्हा करावे लागतात. जुलै २०२४ मध्ये बेरिल चक्रीवादळाने तिथे आणि युनियन बेटावर दाणादाण उडवली. तरीही सराईताने ग्रेनेडिन्समधल्या टोबॅगो केज या चिमुकल्या बेटांच्या समूहालाच जावे: तिथे प्रवाळभिंतीआड नांगर टाकला की लाट अडते, वारा मात्र थेट अंगावर येतो.