आठ महिने, तीन लेन्स बोर्ड

माझा वागीश्वरी फुल प्लेट कॅमेरा, म्हणजे मोठ्या फिल्मवर फोटो काढणारा, सागवान आणि पितळेचा, केरळातल्या आलेप्पीत बनलेला. हाती आला तेव्हा त्याला ना लेन्स होती ना लेन्स बोर्ड, म्हणजे लेन्स जिच्यावर बसते ती पुढची सुटी पाटी. पुढच्या चौकटीत नुसती चौकोनी पोकळी. लेन्स माझ्याकडे होती, २१० मिमीची, कोपाल १ शटरमधली (कोपाल हा शटरचा ब्रँड, १ हा आकार), तिला ४१.६ मिमीचं भोक लागतं. बाजारात तयार बोर्ड मिळतात ते लिनहॉफ नाहीतर सिनार या कॅमेरा कंपन्यांच्या मापाचे. म्हटलं, घरीच करू.

फेब्रुवारीत पहिला बोर्ड थ्रीडी प्रिंट करून घेतला. काळा पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक), माप अगदी चोख. तीन महिने तक्रार नव्हती. मे महिन्यात कॅमेरा बंद गाडीत दोन तास राहिला आणि बोर्डाची पुरी झाली. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, हे मला माहीत होतं. गाडी तेवढी तापते हे लक्षातच आलं नाही.

मग सागवान. सुताराने सहा मिमीची फळी अशी सफाईने रंधली की बोर्ड कॅमेऱ्याबरोबरच जन्मल्यासारखा दिसायचा. पण शटर मागून जी रिंग आवळून धरते तिचे आटे इतक्या जाड फळीतून बाहेरच येईनात. मागून गोल खाच मारून मध्यभाग अडीच मिमीवर आणला, तेव्हा रिंग बसली. सुताराला मात्र शेवटपर्यंत वाटत होतं की मी चांगल्या फळीची वाट लावली.

जुलैत फळी फुगली. चौकटीत अशी रुतली की स्क्रू ड्रायव्हरने उचकटावी लागली. त्याहून वाईट म्हणजे ती किंचित पिळली. घरच्या ग्रुप फोटोत उजवीकडचे काका लख्ख आणि डावीकडची आत्या धूसर. आधी मी लेन्सला दोष दिला. बोर्ड सपाट काचेवर ठेवला तेव्हा एक कोपरा डुगडुगताना दिसला.

ऑगस्टपासून वापरतोय तो दोन मिमी ॲल्युमिनियमचा. ४१ च्या होल सॉने (गोल भोक कापणाऱ्या करवतीने) भोक पाडून उरलेलं अर्धगोल कानशीने वाढवलं, दर दहा हातांनी शटर लावून बघत. (त्याहून लहान कोपाल ० ला ३४.६ लागतं. तिथे कपाटाच्या ऑटो हिंज बिजागरीसाठी सुतार वापरतो ते ३५ चं बिट चालून जातं, उरलेली फट रिंगखाली झाकते.) शटरच्या पाठीला एक बारीक स्क्रू असतो, त्याच्यासाठी भोकाच्या काठाला छोटी खाच घ्या. शटर फिरू नये म्हणूनच तो स्क्रू आहे. काढून टाकलात तर स्पीड बदलताना अख्खं शटर हातात फिरतं.

नुसता पत्रा कडेने उजेड गळू देतो. म्हणून मागे तीन मिमी प्लायची चौकट चिकटवली, कॅमेऱ्याच्या पोकळीत जेमतेम शिरेल अशी, आणि तिच्या कडेला काळी मखमलीची पट्टी लावली. आतून फळ्याचा काळा रंग. रात्री दिवे घालवून भात्यात (कॅमेऱ्याच्या घड्यांच्या पिशवीत) टॉर्च ठेवला आणि बाहेरून चारी कडा पाहिल्या. एका कोपऱ्यात सुईएवढा ठिपका दिसला, तो मखमलीच्या आणखी एका थराने गेला. ही चाचणी आधी केली असती तर एक्स रे फिल्मचे (या कॅमेऱ्यात मी तीच वापरतो) सहा तुकडे वाचले असते.

तक्रार एकच. सागवानी कॅमेऱ्याच्या तोंडावर हा काळा पत्रा दृष्ट लागू नये म्हणून लावलेल्या तिटेसारखा दिसतो. सागवानाचा बोर्ड मी फेकलेला नाही. थंडीत परत काचेवर ठेवून बघणार आहे.